पेशंट घरी, एकटी

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दादाने आज वहिनीला चार्जरच्या वायरने मारलं. कारण? डब्यातली भाजी गार होती! डबा गारच असणार ना, नालायका! कंपनीत काय चूल पेटवून ठेवलीय तुझ्यासाठी?

मी ऑफिसवरून आले तेव्हा वहिनी कणीक मळत होती. बाही वर सरकली आणि दिसलं. मनगटापासून कोपरापर्यंत वळ, लाल, टरटरून सुजलेले. 'ताई, ओरडू नका हं, ते आत झोपलेत.' झोपलेत! मारून थकला बिचारा!

गेले आत. कॉलर धरली. म्हटलं, पुन्हा हात लावलास तर हात मोडून गळ्यात बांधीन. त्याने मला भिंतीवर ढकललं. आई मधे पडली आणि हात कुणाच्या तोंडावर ठेवला? माझ्याच! 'गप बस माय, बिल्डिंग ऐकायलीय.' ऐकू दे की! आजपर्यंत ऐकलं नसेल होय कुणी? परभणी सोडून जमाना झाला, पण आईचं ते 'गप बस' काही सुटलं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दिवसभर डोकं भणभणत होतं. तरी चार्ट उरकले.

काय ते माझं काम! अमेरिकेतले मानसोपचारवाले डॉक्टर पेशंटशी व्हिडिओवर बोलतात, नोट लिहितात. त्या नोटला मी इथे ऐरोलीत बसून कोड लावायचा, मग तिकडची विमा कंपनी डॉक्टरला पैसे देते. डिप्रेशनला एक कोड, भीतीला दुसरा. पेशंट कुठे बसून बोलला, त्यालासुद्धा कोड! स्वतःच्या घरी असेल तर दहा, दुसरीकडे कुठे असेल तर दोन. बहुतेक सगळे दहाच. 'घर' वाचलं की बोट आपोआप दहावर जातं माझं.

आणि ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी डोक्यात ठोकलेला नियम — नोटमध्ये नाही ते घडलंच नाही.

वहिनीची तर नोटच नाही. म्हणजे तिला कुणी मारलंच नाही! वा रे वा!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ठरलं! वहिनीसाठी काउन्सेलर शोधली. मराठी बोलणारी, व्हिडिओवर. सोमवारी दुपारी, दादा सेकंड शिफ्टला गेला की.

वहिनी कुरकुरत होती. 'ताई, घरातून कसं बोलू? सानपाड्याला माझी मैत्रीण आहे, तिच्याकडे जाऊन बोलते ना.'

'अगं, घरातूनच तर बोलायचं! माणूस स्वतःच्या घरी मोकळं बोलतं. रोज हेच वाचते मी, मला नको शिकवू.'

मी केली बुकिंग. छान वाटतंय, काहीतरी केलं एकदाचं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

अक्षर नीट येत नाही.

मी सुट्टी टाकली होती. वहिनी पलंगावर, मोबाईल उशीला टेकवलेला, मी बाजूला. काउन्सेलर शर्मिला मॅडम — शांत बाई, आवाजात माया. दोन वाक्यं झाली नसतील तर लॅच वाजला. दादा! रबाळ्याला कंपनीत मशीन बंद पडलं म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं.

आत आला आणि मोबाईलच्या मागे उभा राहिला. तिकडून मॅडमना दिसणार नाही, वहिनीला मात्र बरोबर दिसेल असा. ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताने पट्टा सोडला.

'आत्ता घरात एकट्याच आहात ना?'

'हो मॅडम.'

'घरात सुरक्षित वाटतं?'

'हो मॅडम. सगळं छान आहे. फक्त झोप लागत नाही.'

आणि मी? एरवी माझ्या जिभेला हाड नाही, तेव्हा मात्र दातखीळ बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो समोर बघत बसले.

फोन कट झाला. त्याने तिचे केस धरले आणि डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. पुन्हा आपटलं. धाड! धाड! 'घरातलं बाहेर सांगतेस?' मी त्याच्या दंडाला चावले. खरंच चावले, तोंडात रक्ताची चव आली. त्याने कोपर मारलं, माझा ओठ फाटला. आई दारातून रडत होती — 'अभय, सोड रे, मरंल ती!' दारातूनच! एक पाऊल आत नाही टाकलं तिने.

बाहेर जाऊन बोलते म्हणत होती वहिनी. मी ऐकलं नाही. मीच त्याच्यासमोर नेऊन बसवलं तिला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

ऑफिस. ओठ सुजलेला. सगळ्यांना सांगितलं, दाढ काढली.

एक चार्ट आला. 'पेशंट स्वतःच्या घरी. एकटी. मारहाण होत नाही असं सांगते.' हे वाक्य रोज वाचते मी. पण खाली डॉक्टरने एक ओळ टाकली होती — बोलताना मागून पुरुषाचा आवाज येत होता.

टीम लीडला विचारलं. 'ऋषी, याला काय लावू?'

'कशाला?'

'या आवाजाला.'

'आवाजाला कोड नसतो, प्रिया. दहा टाक, पुढे चल. टार्गेट बघ तुझं.'

माउस फेकला. भिंतीवर जाऊन फुटला, सगळा फ्लोअर माना वळवून बघत होता. असे किती गेले असतील माझ्या हातून, दहा टाकून! वॉशरूममध्ये जाऊन रडले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

संविधान दिन. सोसायटीच्या हॉलमध्ये दादाचं भाषण — स्त्रियांचे हक्क! बाबासाहेबांच्या फोटोशेजारी उभं राहून! लोकां सांगे ब्रह्मज्ञान. वहिनी पहिल्या रांगेत, ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. टाळ्या वाजवत होती. लोकांनी शाल दिली त्याला. त्याच शालीने गळा आवळावासा वाटला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

वहिनीला सकाळपासून उलट्या. डोकं धरून पडलीय, उजेड सहन होत नाही. हॉस्पिटल म्हटलं की दादा — 'नाटकं आहेत.' दाराला आतून कुलूप, चावी त्याच्या खिशात, माझा नि वहिनीचा मोबाईलही त्याच्याकडे. आईकडे तिचा मागितला, तर पदराखाली दडवला. ऑफिसलाही जाऊ दिलं नाही. खिडकीतून ओरडले तर कानाखाली बसली. आई म्हणते, लिंबूपाणी दे. लिंबूपाणी!! वहिनीला काही झालं तर मी या घरात कुणालाच सोडणार नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. नर्सकडून पेन-कागद मागून घेतला.

दुपारी शर्मिला मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. ठरलेला नव्हता. त्यांनाही काहीतरी खटकलं असणार. दादाने मोबाईल वहिनीच्या हातात दिला. 'उचल. ठीक आहे म्हण. नाहीतर ही बया पोलीस पाठवेल.' परत मागे जाऊन उभा. हातात पट्टा.

'एकट्या आहात का?'

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. मग मोबाईल सरळ त्याच्यावर फिरवला.

'नाही मॅडम. हा बघा. हा मारतो मला.'

पट्टा तिच्या तोंडावर बसला. मोबाईल उडून पडला, फुटला. मी लाटणं आणलं आणि जीव खाऊन त्याच्या मनगटावर घातलं. हाड वाजलं. तरी सोडेना! दुसऱ्या हाताने तिचा गळा धरला. मी सोडवला की पुन्हा धरायचा, किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मी पाठीत घालतेय, डोक्यात घालतेय, आणि आई? आई गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं! सून मरतेय आणि ही लेकाची अब्रू झाकतेय! नाही नाही त्या शिव्या घातल्या मी तिला. पोटातलं सगळं बाहेर काढलं.

वहिनीचे डोळे वर गेले होते तेव्हा बाहेरून लाथा बसल्या. पोलीस! दार तोडून आत आले. मॅडमनी पाठवले, भलं होवो त्यांचं.

वहिनीच्या डोक्यात रक्त साकळलंय. ऑपरेशन चाललंय. आई पलीकडच्या बाकावर बसलीय. मघाशी चहा घेऊन आली, मी ग्लास उडवून लावला. जन्मात बोलणार नाही मी तिच्याशी.

रविवार, ३० नोव्हेंबर

वहिनी शुद्धीवर आली. पाणी मागितलं!

मॅडमना फोन लावून आभार मानले. म्हणाल्या, 'मी पोलिसांना कळवलं, पण तोवर गाडी निघाली होती. आधीच कुणीतरी फोन केला होता.'

जबाब घ्यायला आलेल्या पोलीसबाईंना विचारलं. म्हणाल्या, 'तुमच्या आईंनीच केला ना, गॅलरीतून. पोरगा सुनेला मारून टाकायलाय, दार तोडून या म्हणाल्या. कुणाचा पोरगा विचारलं, तर म्हणाल्या — माझ्याच पोटचा.'