राखून ठेवलेला निकाल

प्रिय कनिका,

हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. न्यायाधीश झाल्यापासून माझा फोन घेतानाही तू आधी दार लावून घेतेस, ते मला ऐकू येतं. पप्पांना या पत्राचं ठाऊक नाही.

आपल्या दुकानासमोरची मुलींची शाळा बंद केली, तेव्हा आदेशात कारण काय होतं, आठवतं? 'व्यापक हितासाठी.' कुणाचं हित, ते कुठेच नव्हतं. आता जवळची शाळा तीर्थपुरीला, आणि त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर कसे धावतात, तू पाहिलंयस. त्या रस्त्याने पोरींना कोण पाठवणार? शेजारच्या सोनूबाईने नातीसाठी, रेणुकासाठी, हायकोर्टात याचिका केली. वकिलांचं बोलणं संपलं, निकाल राखून ठेवला, आणि मग दोन वर्षं काहीच नाही. रेणुकाचं लग्न नववीतच लावून दिलं. मांडवात माझ्याच्याने अक्षता टाकवल्या नाहीत. मूठ तशीच मिटून घरी आले.

तुझे पप्पा गिऱ्हाइकाशीसुद्धा कधी वाद घालत नाहीत. पण चौकातल्या सभेत सोनूबाई रडायला लागली, तेव्हा हेच उठले आणि माईक घेतला. म्हणाले, "निकाल राखून ठेवलाय म्हणत्यात. लोणचं राखून ठेवलं तर मुरतं. निकाल राखून ठेवला तर पोरी घरात बसत्यात. आमदाराला जाब विचारता येतो, कलेक्टरला विचारता येतो. मंग हायकोर्टाला कुणी विचारायचा?" टाळ्या पडल्या. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. आठवड्याभरात टीव्हीवर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे, शेठ खरं बोलला. कुणी म्हणे, असं बोलू दिलं तर न्यायालयाचा मान काय राहील? त्यातच अवमानाची नोटीस आली.

आपले भागवत वकील नोटीस वाचत बसले होते. पप्पांनी विचारलं, "यातला कोणता शब्द चुकला तेवढा सांगा, मी बिलकुल मागे घेतो." वकील म्हणाले, "शेठ, शब्दाचं न्हाई हो. एकूण परिणामाचं म्हणत्यात." म्हणजे कुठपर्यंत बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे बोलून झाल्यावरच कळणार. त्या दिवसापासून पप्पा दुकानातही शब्द मोजून बोलू लागले. साधा वहीचा भाव सांगतानाही माझ्याकडे बघायचे.

तारखेला मी सोबत गेले होते. साहेब रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले, बिनशर्त माफी लिहून द्या, नाहीतर खटला पुढे चालवू. पप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, "विचार करून सांगतो." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मी काही माफी लिहून देणार न्हाई, चंदन." लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढ्या ठाम आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

मग तुझा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. तू काय बोललीस ते त्यांनी मला सांगितलं नाही, आजवर नाही. तुला वरून कुणी काही विचारलं असेल, तुझ्याही पुढ्यात काही वाढून ठेवलं असेल. मी तुला दोष देत नाही. दुसऱ्या दिवशी ते जाऊन माफीवर सही करून आले. तुला मात्र सांगितलं, वकिलानेच तसं सुचवलं. ते खोटं आहे. सही त्यांनी तुझ्यासाठी केली.

माफी मंजूर झाली. त्यानंतर महिन्याभरात शाळेचा निकालही आला. शाळेत आता एकही विद्यार्थिनी उरलेली नाही, त्यामुळे याचिकेला अर्थ राहिला नाही, म्हणून ती निकाली काढली. सोनूबाईने मला दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "पोरी उरल्या न्हाईत, त्या कुणामुळं, ते लिवलंय का त्यात?" मी 'नाही' म्हटलं. पप्पा आत उठून गेले.

रविवारी ग्रामसभा आहे. सोनूबाईचा प्रश्न तिथे मी विचारणार आहे, उभी राहून, स्वतःचं नाव सांगून. कुणाच्या मोबाईलवर दिसण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. न्यायाधीश म्हणून तुला जे करावं लागेल ते कर, मला राग येणार नाही. फक्त रविवारपर्यंत फोन करू नकोस, बाळा. तुझा आवाज ऐकला तर मीही खाली बसेन.

तुझीच,
आई