कोंड बाहेरच्या अंगाला

मु. खारशेत, ता. पेण
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

ती. बायजाआत्या यांस,

खारशेतहून दत्तात्रेयाचा नमस्कार. लांबूनच वाकतो आहे, तो मान्य करून घ्यावा.

इकडे लावणी आटोपली. पाऊस बरा आहे. रोह्यात कुंडलिका चढली होती असं ऐकलं, तुमच्या आळीत पाणी शिरलं नसावं. तुमचे गुडघे दुखतात, हे माझ्या मुलीकडून कळलं.

मला तुम्ही ओळखत नाही, पण मुलीला पाहिलं आहे. मागच्या महिन्यात कॉलेज बुडवून, आम्हाला न सांगता, जिते स्टेशनातून रोह्याची गाडी पकडून जी पोरगी तुमच्या दारात उभी राहिली, ती माझी किमया. बारावीला आहे. "महिपतीच्या घरची? मग उंबऱ्याला पाय नको लावू," असं तुम्ही तिला म्हणालात. ती रागावली नाही. घरी येऊन मला म्हणाली, "बाबा, आजी खरं बोलणाऱ्या हायत. खोटं बोलणारा आधी चहा विचारतो."

तुमच्या नातीनं, सुरभीनं, तिला जाताना स्वतःचा नंबर दिला. तो मी दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. फोनवर मला तोंड नाही. पत्र सुरभी वाचून दाखवील. तिनं काही गाळू नये.

गावात जी गोष्ट सांगतात ती आधी लिहितो. खोडायची तर आधी लिहायला हवी.

तुमची आई धोंडुबाई हिनं भर पावसाळ्यात खाडीचा बांध फोडला. जमिनीच्या वाट्यावरून तिचा गावावर राग होता. खारं पाणी शेतात घुसलं, भात जळालं. तेव्हा उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, सांभाळणाऱ्या महिपतीनं, म्हणजे माझ्या आजोबांनी, माणसं गोळा करून खांड बुजवली. गावानं धोंडुबाईला हाकललं. कडेवर तुम्ही होतात. त्या वर्षापासून नारळी पौर्णिमेला बाईनं बांधावर चढायचं नाही आणि पहिला नारळ महिपतीच्या घरचा, असा दंडक आहे. माझे वडील काळुराम यांनी तो नारळ वाहिला. आता ते थकले, म्हणून मी वाहतो. दर वर्षी तो वाहताना मी गणपतीचं नाव घ्यायचो आणि मला बरं वाटायचं.

गेल्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला किमया बांधावर चढली. मुद्दाम. बांधाची देखरेख करणाऱ्या बंदिस्ती कमिटीचा सुशील ओरडला, "उतर गो खाली! बांध फुटंल!"

ती वरूनच म्हणाली, "काका, रोज गवताचे भारे घेऊन काकी याच बांधावरनं येते. तेव्हा कसा नाय फुटत?"

माणसं हसली, ते सुशीलला जास्त लागलं. त्यानं मला सगळ्यांसमोर हात जोडायला लावले. मी जोडले. किमया घरी आल्यावर एकच बोलली, "कशासाठी जोडले, ते मी शोधणार." तेव्हापासून ती याच्या मागे लागली.

तिचा पहिला प्रश्न ऐकून मला तिची कीव आली होती. जेवताना ती माझ्या वडिलांना म्हणाली, "आजोबा, खाडीचं पाणी बांध फोडून आत आलं, की कोंड कुठं पडतो?"

"आतल्या अंगाला. पाणी जिथं पडतं तिथं खणतं. एवढं पण म्हायत नाय?"

"मग धोंडीचा कोंड बाहेरच्या अंगाला का?"

आत्या, तुमच्या आईच्या नावाचा तो डोह मी जन्मापासून पाहतो. त्यात पोहायला शिकलो. बांधाच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला आहे तो. माझ्या डोक्यात कधी आलं नाही. वडिलांनी ताटावरून हात उचलला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

पाणी बाहेरून आत आलं नव्हतं, आतून बाहेर गेलं होतं. डोंगरातून पावसाचा लोंढा उतरला, वाडीत पाणी चढत होतं आणि उघाडीतून ते खाडीत जात नव्हतं. म्हणून तुमच्या आईनं ओहोटी बघून बांध कापला. वाडी वाचली. हे किमयानं म्हाताऱ्या माणसांना विचारत जुळवलं. भरतीला त्याच खांडीतून खारं पाणी आलं आणि शेतं गेली, तेही खरंच. पण शेतं गेली आणि माणसं राहिली.

उघाडी का तुंबली, हे मला लिहायचं नव्हतं. वरचं लिहून पत्र संपवावं, असं सकाळपासून मनात आहे.

आमच्या घरी उघाडीच्या जुन्या दाराची एक फळी आहे. नवं दार बसलं तेव्हा गावानं ती आजोबांना मान म्हणून दिली. तिचा पाट केला, त्यावर दर भादव्यात आमचा गणपती बसतो. आजोबा तो पाट कुणाला उलटा करू देत नसत. आम्ही पुसायचोही वरूनच. त्या जेवणानंतर तिसऱ्या दिवशी वडिलांनी किमयाला हाक मारली. "पाट उलटा कर," म्हणाले.

खालच्या अंगाला लोखंडी कड्या आहेत. जाळं बांधायच्या. दोरानं लाकडाला खाचा पडल्या आहेत, म्हणजे एकदाच बांधलेलं नाही. उघाडीच्या तोंडाला जाळं लावलं की मासळी घरबसल्या मिळते. पण पावसात त्यात पेंढा, गवत अडकतं आणि पाणी मागे तुंबतं. म्हणून पावसाळ्यात तिथं जाळं लावायला गावात सक्त मनाई. ती मनाई पाळली जाते की नाही हे बघणं, हेच माझ्या आजोबांचं काम होतं.

वडील तेव्हा लहान होते. एवढंच बोलले, "जाळं काढायला बाबा गेले, तवर धोंडूकाकी कुदळ घेऊन पुढं गेली व्हती."

त्या पाटावर मी किती वर्षं देव बसवला, आत्या.

आता आजचं लिहितो. किमयाचं म्हणणं, शनिवारी पौर्णिमेला हे सगळं बांधावर सांगायचं. याची कुणकुण सुशीलला लागली आहे. सकाळी तो ओटीवर येऊन बसला.

"दत्ता, पोरीला चार दिस मामाकडं धाड."

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"नायतर तुझ्या हाकेला गावाची ओ नाय. मग बघ."

याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको, तुम्ही बांधाच्याच मातीतल्या. बांध कुठं पाझरला की ज्याचा तुकडा त्यानं हाक द्यायची, आणि प्रत्येक घरातून एक माणूस चिखल घेऊन धावलंच पाहिजे. एकट्याच्यानं खांड बुजत नाही. माझा तुकडा या वर्षी खेकड्यांनी पोखरला आहे. आत्ताच बोट जाईल एवढा पाझर आहे. पौर्णिमेनंतरचं उधाण सगळ्यात मोठं. तेव्हा हाकेला कुणी आलं नाही, तर माझी दोन खाचरं आणि त्यामागची लोकांचीही जातील.

किमया आतून म्हणाली, "काका, तुमच्या आज्याला पण वाडीतनंच वाचवलं व्हतं धोंडुबाईनं. इचारा कुणाला पण."

"जीभ बघ पोरीची!" सुशील उठला आणि चप्पल शोधायला लागला. चप्पल त्याच्या पायातच होती.

आत्या, मी घाबरलो आहे. पोरीला मामाकडे धाडावं असं एकदा नाही, बऱ्याचदा मनात आलं. देवापाशी बसलो तर नजर पाटाकडेच जाते.

विनंती आहे. शनिवारी या. पहिला नारळ तुमच्या हातचा व्हावा. गाव गोड बोलेल अशी हमी देत नाही. तुम्ही आला नाहीत तर बोल लावणार नाही. पण तो नारळ माझ्या हातून आता सुटायचा नाही.

आपला,
दत्तात्रेय काळुराम


मु. खारशेत
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५, अंगारकी

ती. बायजाआत्या यांस,

नमस्कार. आज उपवास आहे, त्यामुळे घर शांत आहे.

तुम्ही आला नाहीत. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग समजलो. आज सकाळी सुरभीचा फोन आला, म्हणाली, "आजी एवढंच विचारते, कोंडात अजून पाणी आहे का?" दुसरं काही विचारलं नाही म्हणाली. त्याचं उत्तर शेवटी लिहितो. आधीचं आधी.

शनिवारी सगळे पुरुष बांधावर जमले. बायका खाली, रिवाजाप्रमाणे. मी नारळ घेऊन उभा राहिलो आणि माझी वाचा गेली. खरंच गेली. सुशील म्हणाला, "चल दत्ता, आटप." तेवढ्यात खालून गलका झाला. किमया तो पाट डोक्यावर घेऊन बांध चढत होती. वर येऊन तिनं तो चिखलात पालथा ठेवला. कड्या वर.

आमच्याकडच्या माणसाला त्या कड्या कशाच्या, हे सांगावं लागत नाही. म्हातारी माणसं वाकून बघायला लागली. कुणीतरी हळूच म्हणालं, "आरं द्येवा."

मग मला बोलता आलं. तुम्हाला लिहिलं तेच बोललो. कोंडाकडे बोट दाखवलं. नारळ फोडला नाही, खाडीत सोडला नाही. "हा ज्यांचा हाय त्या येतील तेव्हा," म्हणालो आणि तो घेऊन खाली उतरलो.

सुशीलनं तिथंच निकाल दिला. महिपती गेल्यावर त्याला नावं ठेवणाऱ्या घराच्या हाकेला ओ नाही. पुरुषांनी माना डोलावल्या. ज्यांना पटलं होतं त्यांनीही.

काल दुपारी उधाण आलं. पाझर मनगटाएवढा झाला, मग बांधाची कड बसली. मी, किमया आणि तिची आई चिखल टाकत होतो, पाणी तो घेऊन जात होतं. मी हाक दिली. देवळात पुरुष बसलेले मला दिसत होते. कुणी उठलं नाही. पुन्हा दिली. माझा आवाज फाटला, तेव्हा किमयानं दिली. पोरीचा आवाज वाडीपर्यंत गेला.

पहिली आली ती दिपिका. सुशीलची बायको. डोक्यावर चिखलाचं घमेलं.

देवळातून सुशील ओरडला, "दिपे! माघारी फिर! ओ नाय बोललो ना?"

तिनं घमेलं खांडीत रिकामं केलं आणि म्हणाली, "हाक घराला असते. आपल्या घरातनं मी आले."

मग एकेका घरातून बाया आल्या. प्रत्येक घरातून एक, रिवाजाप्रमाणेच. मिठागरावरच्या आल्या, सुना आल्या, एक तर तोंडात घास घेऊन आली. सगळ्या बांधावर. शेवटी काही बापेही उठले, घरची बाई चिखलात आणि आपण सावलीत, हे त्यांनाच सोसेना. सुशील आला नाही. त्याच्या घरची ओ मात्र आली होती.

खांड बुजली. माझं खालचं खाचर खारं झालं, त्यात आता तीन-चार पावसाळे भात व्हायचं नाही. मागची सगळी शेतं राहिली. वडील ओटीवरून बघत होते. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "खालचं गेलं?" मी हो म्हणालो. "जाऊ दे," म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

या भादव्यात गणपती त्याच पाटावर बसेल. किमया म्हणते, कड्या वर ठेवून. तशी मूर्ती नीट बसायची नाही, हे तिलाही कळतं. काहीतरी जमवू. देवाला सरळ पाटच लागतो असं कुठं आहे.

आता तुमचं. होय, कोंडात पाणी आहे. काल उधाणानं तो काठोकाठ भरला आणि आज ओहोटीला खाली गेला, पण आटला नाही. तो कधीच आटत नाही. सकाळी काठावर दोन बगळे उभे होते. तुम्ही त्या काठावरून निघालात तेव्हा कडेवर होतात, तुम्हाला तो आठवत नसेल. आई सांगत असेल, म्हणून विचारलंत ना?

नारळ देवापाशी ठेवला आहे. गुडघे दुखत असतील तर घाई नाही. बांधापर्यंत चिखल आहे, तिथं किमया आणि मी तुम्हाला खुर्चीत बसवून नेऊ. आधी तुम्ही आमच्या उंबऱ्याला पाय लावा. मग कधीतरी आम्हाला तुमच्या उंबऱ्याला लावू द्या.

धोंडुबाईच्या बांधाआड भात खाणारा,
महिपतीचा नातू,
दत्तात्रेय