कॅमेऱ्यावरचा नॅपकिन

रविवार, ९ मार्च

चिरंजीव छोटेशेठ,

तुला आणि सूनबाईंना आशीर्वाद. नातीला एक पापा, माझ्या मिशा टोचतात म्हणून पळणार नसेल तर.

माझी तब्येत ठीक. बी.पी. आटोक्यात होतं, मंगळवारपर्यंत. गुडघा कुरकुरतो. खुर्चीचा पाय कुरकुरला तर ठोकून सरळ करत आलो, याला ठोकता येत नाही एवढंच. दुकानात मी जात नसलो तरी कारागीर सोफ्याचं नवीन कापड आलं की मला दाखवायला घरी आणतात. एकंदरीत बरं चाललंय.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर तू माझं वाक्य अर्ध्यात तोडतोस. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही. शेवटपर्यंत वाच.

शेजारच्या टेलिफोनबाई तुला माहीत आहेत. टेलिफोन खात्यात सगळी नोकरी झाली, म्हणून अख्खी इमारत त्यांना त्याच नावाने ओळखते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक दूर. महिन्याभरापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात टाकायला थेंब दिले. आता हात थरथरणाऱ्या माणसाने स्वतःच्याच डोळ्यात थेंब कसा टाकायचा, हे डॉक्टर सांगत नाहीत. माझे कान किती तिखट आहेत, तुला ठाऊकच आहे. भिंतीपलीकडून ऐकू यायचं, “मेल्या, डोळ्यात जा की! कानात काय काम आहे तुझं?”

मी दार वाजवलं. म्हटलं, “बाई, जन्मभर लोकांच्या तारा जोडून दिल्यात. आता मला सेवेची संधी द्या.”

“तुम्ही? तुमचा हात दाभणाचा,” त्या म्हणाल्या. पण आल्या.

आमच्याकडेच यायच्या, कारण माझ्या दिवाणाला मान टेकायला मी स्वतः भरलेली उशी आहे. मान अगदी हवी तशी मागे जाते. आडव्या पडून कुरकुरायच्या, “अहो सोफावाले, थेंब टाकताय की खिळा मारताय?” थेंब झाला की डोळा मिटून पडून राहायचं असतं. तेवढ्यात मी चहा टाकायचो. कधी त्या डबा घेऊन यायच्या, कधी मी खिचडी लावायचो, ती त्या मुकाट्याने खायच्या. माझ्या खिचडीला याहून मोठा मान आजवर कुणी दिलेला नाही.

मंगळवारी त्या म्हणाल्या, “तुमच्या मुलाचा तो कॅमेरा माझ्याकडेच बघतोय. परपुरुषाच्या घरात अशी आडवी पडलेली मी, मला कसंतरी होतं.” रास्त बोलल्या. मी स्वयंपाकघरातला नॅपकिन आणून, माझ्यावर लक्ष ठेवायला तू हॉलमध्ये लावलेल्या कॅमेऱ्यावर टाकला. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता, आवाज बंद.

तुला अंधार दिसला. बाप गेला की काय, असं वाटलं असेल. तिथपर्यंत मी तुला दोष देत नाही. पण पुढे? तू सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन केलास. आणि त्या शहाण्याने माझ्या घराची चावी काढली खिशातून! माझ्या घराची चावी त्याच्याकडे, आणि हे मला ठाऊक नाही! मी कमावलेल्या घराला मी कुलूप लावायचं आणि ते गावाने उघडायचं, असा कायदा कधी झाला?

बेल नाही, हाक नाही. सेक्रेटरी, वॉचमन आणि खालच्या मजल्यावरचं एक रिकामटेकडं जोडपं, अशी वरात आत शिरली. मी बाईंच्या हनुवटीला हात लावून वाकलेलो. दुसऱ्या हातात बाटली, पण बाटली बघतो कोण! आणि तेवढ्यात नॅपकिनच्या आतून, कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून, तुझा आवाज आला. सेक्रेटरीने मी जिवंत असल्याचं तुला फोनवर सांगितलं होतं, वर आणखी काय सांगितलं ते तोच जाणे. “बाबा, या वयात ही काय थेरं? समोर आईचा फोटो आहे, त्याची तरी लाज बाळगा!”

चौघांसमोर, रे. चौघांसमोर.

बाई उठल्या. गालावरून पाणी ओघळलं. खालच्या जोडप्यातली ती पुटपुटली, “आता रडून काय उपयोग?” त्या रडत नव्हत्या. तो औषधाचा थेंब होता, डोळ्यात न गेलेला. घरी गेल्यावर रडल्या की नाही, ते मी लिहिणार नाही. भिंत पातळ आहे.

त्यानंतर त्यांनी दार उघडलं नाही. मी बाहेरून म्हटलं, “राग माझ्यावर काढा, डोळ्यावर नको.” आतून उत्तर आलं, “राँग नंबर.” एरवी मी हसलो असतो.

स्वतःच थेंब टाकत राहिल्या. बाटलीचं टोक डोळ्याला लागलं. शुक्रवारी सकाळी माझ्या दारात उभ्या, डोळा लालभडक, पापणी उघडेना. “गाडी बोलवा. बाकी काही बोलू नका.” मी गाडी बोलावली.

डॉक्टर त्यांच्यावर खेकसले. जंतू शिरलेत म्हणाले. आता तासातासाने थेंब, आणि तरी नजर राहील की नाही, सांगता येत नाही. “घरात कुणी नाही का तुमच्या?”

“आहेत ना,” बाई म्हणाल्या. “अख्ख्या सोसायटीला विचारा, कोण आहे ते.”

छोटेशेठ, मी जन्मभर गिऱ्हाइकाचं ऐकून घेत आलो. तुझ्या आवाजाने त्या दिवशी मला जसं मेल्याहून मेल्यासारखं केलं, तसं कुणी केलं नव्हतं. गेल्या वर्षी न्हाणीघरात मला चक्कर आली तेव्हा तुझा कॅमेरा हॉलमधल्या भिंतीकडे बघत बसला होता. धपकन आवाज ऐकून धावली ती हीच बाई. तेव्हा तुला तिचा नंबर हवा होता. “काकू, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे,” हे तुझेच शब्द. बाप पडला की काकू, आणि बाप हसला की थेरं?

आईचं काढलंस म्हणून सांगतो. तुझ्या आईला मी विसरलो नाही, आणि त्याची पावती मी तुला देणार नाही. ती गेल्यापासून तू रोज विचारतोस, “बाबा, जेवलात का?” चांगला मुलगा आहेस. पण कुणाबरोबर जेवलात, हे एकदाही विचारलं नाहीस. एकट्याने जेवताना ताटलीवर चमचा किती मोठ्याने वाजतो, तो आवाज तुझ्या कॅमेऱ्यात येत नाही.

कालपासून मी शेजारच्या घरात आहे. बाई आमच्या घरात पाय ठेवायला तयार नाहीत, म्हणून कारागिरांना बोलावून दिवाणच इकडे उचलून आणला. भर दुपारी आणला, जिन्यासमोरून, सगळ्यांना दिसेल असा. सेक्रेटरीने विचारलं, “किती दिवस?” म्हटलं, “डोळा बरा होईपर्यंत.” हे मी त्याला सांगितलं. तुला खरं सांगतो, डोळा बरा झाला तरी मी परत जाईन असं मला वाटत नाही. बाईंना अजून विचारलेलं नाही. नाही म्हणाल्या तर दिवाण पुन्हा उचलू, पण विचारणार आहे.

माझी माफी मागू नकोस. मी बाप आहे, गिळून टाकीन. फोन त्यांना कर, आणि चौघांसमोर बोललास तसं मोठ्याने बोल. उचलतील की नाही, सांगता येत नाही. नाही उचलला तर पुन्हा कर. तोवर तुझा फोन मीही घेणार नाही.

तासाचा थेंब टाकायची वेळ झाली. हाक आलीच.

तुझा, आणि आता फक्त तुझाच नसलेला,
बाबा