फोटो दोघांकडेच होता

प्रिय टिल्लू,

प्रभूमध्ये सलाम. सहा फूट उंचीच्या, पन्नाशीकडे निघालेल्या माणसाला मी अजून टिल्लू म्हणते याचा तुला आता कंटाळा आला असेल, पण माझ्याकडे तुझ्यासाठी दुसरा शब्द नाही. तीन महिन्यांत मी तुला एक ओळही लिहिली नाही. 'ताई, माझं काही चुकलं का?' असं तू दोनदा विचारलंस. तुझं काही चुकलेलं नाही रे. रोज जेवणं आटोपली की मी कागद घेऊन बसत होते, घरची खुशाली लिहीत होते आणि तिथेच थांबत होते. आज थांबणार नाही.

घरची खुशाली एवढीच, की तुझे भावोजी निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक कडी, प्रत्येक नळ स्वतः दुरुस्त करतात आणि मग मी माणूस बोलावून तो पुन्हा दुरुस्त करून घेते. गुडघा दुखतो, पण कबूल करत नाहीत. 'तुझ्या भावाला सांग, माझ्यासाठी एक पाय राखून ठेव,' म्हणतात. तू पहिल्यांदा बनवलेला कृत्रिम पाय आठवतो का? बोटभर लांब झाला होता. ज्याला बसवला तो म्हणाला होता, 'डॉक्टर, आधी मी डावीकडे लंगडायचो, आता उजवीकडे लंगडतो.' ते तू लिहून पाठवलंस आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. बाबा मात्र नुसतेच पत्राकडे बघत बसले. तू परक्या मुलखात जाऊ नयेस म्हणून त्यांनी जेवण सोडलं होतं आणि मीच त्यांना समजावलं होतं, हे तुला ठाऊक आहे. मी म्हटलं होतं, बाबा, त्याला जाऊ द्या, इकडचं सगळं मी सांभाळते.

सांभाळणं म्हणजे माझं प्रार्थनापत्रक. दर तीन महिन्यांनी तुझी पत्रं समोर घ्यायची, तिकडे प्रार्थनेला जमणं गुन्हा, म्हणून माणसांची आणि गावांची नावं गाळायची, आणि उरलेलं टाइप करून छापखान्यात द्यायचं. अकरा वर्षं मी हे डोळ्यांत तेल घालून केलं. पण खरं सांगू, गेल्या दोन-तीन वर्षांत ते कुणी वाचत नव्हतं. नावगाव नसलेल्या माणसांसाठी लोक किती दिवस प्रार्थना करणार? उपासना संपली की बाकांवर प्रती तशाच पडलेल्या असायच्या. एकदा सभागृहातलं डुगडुगणारं टेबल स्थिर करायला पायाखाली घडी करून घातलेला कागद मी ओढून काढला, तर तो आमचाच अंक. मला फार लागलं ते. तुमच्यासाठी लागलं, असं मी तेव्हा समजत होते. आता वाटतं, माझं मलाच लागलं होतं.

आणि त्याच आठवड्यात तू फोटो पाठवलास. तुमच्या कारखान्याची मागची खोली, साच्यांच्या पांढऱ्या धुळीत खाली बसलेली एकोणीस माणसं, प्रार्थनेत माना खाली, आणि त्यांच्यामागे भिंतीवर वाळत टांगलेले ते पाय. लहान, मोठे, एक तर वीतभर, कुणा लेकराचा. सोबत तू लिहिलं होतंस, 'फक्त तुझ्यासाठी, ताई. बघून झाला की पुसून टाक. आमच्यातल्या शिंप्याने काढला, म्हणून तो यात नाही; त्याच्याच फोनवरून पाठवतोय.'

मी पुसला नाही. मी त्याची मोठी प्रत काढली, काळी शाई घेतली आणि एकोणीस चेहऱ्यांवर एकोणीस ठिपके दिले. फार जपून दिले. एका बाईचा कान दिसत होता, तोही झाकला. मनात म्हटलं, झालं, आता कुणाला काही कळायचं नाही. भिंतीवरचे पाय मात्र तसेच ठेवले. फोटोत जीव होता तो त्या पायांतच होता. त्या अख्ख्या शहरात पाय बनवणारी खोली एकच आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खरं तर आलं होतं. क्षणभर आलं होतं, टिल्लू, आणि मी ते बाजूला सारलं.

तो अंक हातोहात गेला. पुन्हा छापावा लागला. बायका रडल्या, तरुणांनी तुमच्यासाठी साखळी उपास केला, मला आणखी दोन चर्चच्या मंडळ्यांनी बोलायला बोलावलं. छापखान्याच्या मालकाने विचारलं, 'मिशनच्या संकेतस्थळावरही टाकू का? लांबचे लोक वाचतील.' मी म्हटलं, 'टाका की.' एवढ्या दोन शब्दांत झालं ते.

पुढचं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. दोन महिन्यांनी तुमच्या दाराला सरकारी लाखेची मोहोर लागली. तुमच्या म्हाताऱ्या पाळकांना पोलिसांनी नेलं, ते अजून आत आहेत. त्यांच्याबरोबर नेलेली सुईणबाई अकरा दिवसांनी सुटली, ती एका कानाने बहिरी होऊन. पायांसाठी माप देऊन गेलेली माणसं बंद दारासमोर कुबड्यांवर उभी राहतात, असं तू लिहिलंस. मी ते सगळं इथे वाचून दाखवलं, सगळ्यांबरोबर रडले, आणि देवाशपथ, तोवर मला काही माहीत नव्हतं.

मग कुणाच्या तरी हाती तुझं ते पत्र आलं. सुईणबाईने सांगितलं की चौकशीत तिच्यापुढे त्या खोलीचा फोटो ठेवला होता. तू लिहिलंस, 'फोटो दोघांकडेच होता, शिंप्याकडे आणि तुझ्याकडे. म्हणजे त्याच्याकडूनच गेला. फक्त चेहरे काळे का केले होते, ते कळत नाही.' मी कपाटातून आमचा तो अंक काढला. एकोणीस ठिपके मोजले.

शिंपी एकदाच म्हणाला, 'मी दिला नाही.' तुम्ही त्याला प्रार्थनेला यायला बंदी केलीत. त्याच्या बायकोला पाण्याच्या रांगेत कुणी जागा देत नाही. माझ्यावर तुझा भरवसा होता, त्याचीच शिक्षा तो भोगत होता, आणि मी तीन महिने तोंडाला कुलूप लावून बसले. पत्रक बंद केलं, प्रकृतीचं कारण सांगितलं. लोक विचारपूस करायला आले, तेव्हा कपाळाला हात लावून पडून राहिले.

मागच्या आठवड्यात तुझ्याकडून आलेल्या नर्सबाईंनी सहज सांगितलं की शिंप्याने मशीन विकायला काढलंय. बायकामुलांना घेऊन तो सरहद्दीकडे निघालाय, जिथे सध्या रोज गोळ्या चालतात, कारण तिथे त्याला कुणी ओळखत नाही. मी लगेच आपल्या पाळकांकडे गेले. ते म्हणाले, 'भावाला कळवा. इथे कशाला सांगता? लोकांचा या कामावरचा विश्वास उडेल.' तरी रविवारी मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बाहेर पडताना आपल्या मावशीने तेवढा माझा हात धरला आणि विचारलं, 'त्या शिंप्याला सांगितलंस का?'

नाही सांगितलं. म्हणून हे पत्र. तुझा फोन जप्त आहे, टपाल फोडतात, म्हणून नर्सबाईंच्या हाती देतेय, त्या परवा निघतील. तू मला क्षमा करावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. ती मागायला मी नंतर येईन, तू दार उघडलंस तर. हे पत्र तू त्याला वाचून दाखव. नुसतं त्याला नको, ज्यांनी त्याला बाहेर काढलं त्या सगळ्यांसमोर, सुईणबाईसमोर, आणि माझं नाव घेऊन. 'चूक झाली' असं मोघम सांगू नकोस. माझ्या बहिणीने केलं असं सांग, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवून तुझ्यावर ठेवला नाही असंही सांग. ते तुला जड जाईल, मला कळतं. त्याने अजून मशीन विकलं नसेल अशी मी प्रार्थना करतेय. मला उत्तर लिहायला बसू नकोस. ही ओळ वाचून झाली की ऊठ, चपला घाल आणि त्याच्याकडे जा.

तुझीच,
ताई