वाचून राहिलो

केशोरी,
दि. १३ जुलै २०२५

चि. योगराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडील क्षेम. तुझंही असेल असं धरून चालते, कारण तू कळवत नाहीस. भाताची रोवणी सुरू झाली आहे. अर्धं गाव बांधीच्या चिखलात आणि उरलेलं अर्धं पाण्याच्या भांडणात. शेत चैतरामला ठेक्याने दिल्यापासून मला दोन्हीकडे काम नाही. गुडघे म्हणतील तेवढं चालते, म्हणजे देवळापर्यंत आणि परत. तुझे भाऊजी गेल्यापासून रेडिओ मोठ्याने लावायची सवय लागली आहे. काल शेजारच्या निर्मलाबाई विचारून गेल्या की, बाई, तुमच्याकडे पाव्हणे आले काय? मी हो म्हणून टाकलं.

आता कामाचं. आपली ती ‘बेदम’ आठवते ना? नागपूरला मला एम.ए.ला नेमलेली, पहिल्या चौदा पानांत एकही पूर्णविराम नसलेली कादंबरी. गावी परत आलेला माणूस, ओळख न देणारं गाव आणि त्याचं मनातल्या मनात चाललेलं बोलणं. मला ती काही केल्या कळेना. तेव्हा तू, अकरावीतला पोरगा, ओसरीत बसून ती एका दमात मोठ्याने वाचायला लागलास आणि पाचव्या पानावर तुला ठसका लागला. ‘बेदम’ हे नाव तूच ठेवलंस. मोठ्याने ऐकली तेव्हाच ती मला कळली, पण परीक्षेत असं लिहिता येत नव्हतं.

ती आता ऑनलाइन, सगळ्यांनी मिळून वाचायची असं मी ठरवलं आहे. दर रविवारी दुपारी चार वाजता, फोनवर, एकेकाचा चेहरा चौकटीत. दुर्गेश म्हणून माझा जुना विद्यार्थी दवनीवाड्याला शिक्षक आहे, तो लिंकचं बघतो. त्याच्या शाळेतले दोघेतिघे येतील. तुझी गुंजन हैदराबादहून येते म्हणाली. प्रत्येकाची वाचायची गती वेगळी, म्हणून नियम मी आपल्या बाबांचा घेतला आहे. तळ्याचं पाणी सोडताना बाबा शेवटच्या बांधीला आधी पाणी द्यायचे, तळ्याला लागून ज्यांची शेती त्यांनी थांबायचं. तसं इथे सगळ्यांत हळू वाचणाऱ्याचं झाल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. गुंजनने विचारलं की, आत्या, मग हे संपणार कधी? मला तर घाई नाही.

तीन गोष्टी कळव. तुझ्याकडची प्रत शाबूत आहे का? रविवार चालेल का? आणि पहिली चौदा पानं तू मोठ्याने वाचशील का? तिसऱ्याचं उत्तर मला हो असंच हवं आहे. फोनवरच विचारलं असतं, पण घरात रेंज नाही, ती तळ्याच्या पाळीवर चढलं की येते, आणि पाळीवरून ओरडून बोललं की माझ्याकडे कसली भाजी झाली ते रोवणीच्या बायांना कळतं. शिवाय घरातली पत्रांची रीत मोडायची नाही हे आपलं ठरलेलंच आहे.

उलट टपाली चार ओळी टाक, माया आहे तशीच ठेव.

तुझी,
पुष्पांजलीताई


गोंदिया,
दि. २४ जुलै २०२५

ती. ताईस,
योगराजचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन दारातूनच ओरडला की, अंकल, केशोरी से चिट्ठी आयी है, आणि माझी सकाळ चांगली गेली. तुझं अक्षर अजून तसंच, फळ्यावर लिहिल्यासारखं. मी मजेत आहे. पावसाने इथे पाठ सोडलेली नाही. गल्लीत पाणी साचतं आणि राइस मिलचा कोंडा भिजून आंबूस वास घरभर फिरतो.

शेजारचा प्रफुल सकाळी दूध आणून देतो. संध्याकाळी त्याच्याकडे चहा होतो. तो हिंदीत बोलतो, मी मराठीत, आणि दोघांनाही वाटतं की वाद आपणच जिंकलो. गुंजनचा फोन होता. तू काहीतरी मोठं काम हाती घेतलं आहेस म्हणाली. छान आहे, कर. माणसं गोळा करणं तुला जमतं, मला कधी जमलं नाही. पावसाने इथे पाठ सोडलेली नाही.

फिरायला स्टेशनकडे जातो. पुलावर उभा राहून गाड्या बघतो. कोणती गाडी कुठली, ते बघत नाही. एक येते, एक जाते, तेवढ्यात वेळ निघतो.

गुडघ्यांना तेल लावत जा. धाकट्यावर लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

तुझा,
योगराज


केशोरी,
दि. ३ ऑगस्ट २०२५

चि. योगराज यास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी तीन प्रश्न विचारले होते, एकाचंही उत्तर नाही. पावसाची बातमी मात्र दोनदा. पेपर तपासत असते तर लाल पेनाने लिहिलं असतं की, प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं आहे. ओळीही उजवीकडे घसरत कागदाबाहेर चालल्या आहेत. साठी तू ओलांडलीस, मी तर केव्हाच ओलांडली, पण माझ्या ओळी अजून सरळ आहेत.

परवा तालीम झाली. पाळीवर खुर्ची, डोक्यावर छत्री, मांडीवर फोन. पहिली दहा मिनिटं मी सगळं समजावून सांगितलं, मग दुर्गेश म्हणाला की, मॅडम, आवाज चालू करा, तुमचं नुसतं तोंड हलून राहिलं. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. माझ्यामागे कोणाची तरी म्हैस येऊन उभी राहिली. बाकीचे कामं आहेत म्हणून एकेक करून गेले, म्हैस शेवटपर्यंत होती.

एक गंमत झाली. दुर्गेशने गटावर लिहिलं की, मी वाचून राहिलो. गुंजनचा नवरा पडला पुण्याचा. त्याने तिला विचारलं की, वाचून झालं ना, मग हा मागे राहिला कशाला? त्याला सांगावं लागलं की आमच्याकडे वाचून राहिलो म्हणजे वाचतो आहे. आता तो घरात जेवून राहिलो, झोपून राहिलो असं काहीतरी बोलत फिरतो म्हणे.

सुरुवात कोण करणार असं सगळे विचारतात. मी तुझं नाव सांगून टाकलं आहे. २४ ऑगस्ट, रविवार. दुर्गेश तुला फोन करून वेळ सांगेल. आणि योगराज, आडपडदा न ठेवता लिहिते. तू नसशील तर मला हे करायचंच नाही. तुला माझ्या पत्रांचा कंटाळा आला असेल तर तसं सरळ लिही. याही पत्राला इकडचं तिकडचं उत्तर आलं तर मी काय समजायचं ते समजेन, आणि पुन्हा लिहिणार नाही.

प्रकृतीला जप. लोभाचं तू ठरव.

पुष्पांजली


गोंदिया,
दि. १२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
योगराजचा शि. सा. नमस्कार वि. वि.

काल दुर्गेशचा फोन आला. रविवारी चोवीस तारखेला पहिली चौदा पानं मी वाचायची आहेत असं तो म्हणाला. मॅडमनं साऱ्यायले सांगून ठेवलं, सारे वाचून राहिले, सर, तुमचीच वाट आहे, असंही म्हणाला. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

ताई, तुझी दोन्ही पत्रं माझ्या उशाशी आहेत. दोन्ही फोडली आहेत, एकही वाचलेलं नाही. मला वाचता येत नाही. मे महिन्यात सकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि त्यातली अक्षरं अक्षरं राहिली नव्हती. प्रफुलने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डोक्यातली एक बारीक नस बंद झाली म्हणाले. हातपाय चालतात, बोलता येतं, माणसं ओळखू येतात, फक्त उजवीकडचं थोडं दिसत नाही आणि लिहिलेलं काही वाचता येत नाही. आणि मजा ऐक, लिहिता येतं. हाताला सगळं पाठ आहे. हे पत्र मी लिहितो आहे, पण आत्ता वरची ओळ कोणती होती ते मला सांगता येणार नाही. एखादी गोष्ट दोनदा लिहिली गेली तर सांभाळून घे.

प्रफुलकडून पत्र वाचून घेता आलं असतं. पण तुझं बोलणं त्याच्या तोंडून ऐकायचं, तेही हिंदीच्या ठसक्यात, हे माझ्याने होईना. दुकानातल्या मुलाने फोनमध्ये वाचून दाखवणारी बाई बसवून दिली. काल तिच्यापुढे आपल्या कादंबरीचं पहिलं पान धरलं. ते तिने स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं सांगतात तसं वाचलं, आणि पूर्णविराम नाही म्हणून थांबेचना. तुझ्या अक्षरापुढे मात्र ती गप्प झाली.

गुंजनला फक्त चक्कर आली असं सांगितलं आहे. खरं कळलं तर ती मला हैदराबादला नेईल. तिथल्या पाट्या मला आधीही वाचता येत नव्हत्या, म्हणजे तेवढा तोटा नाही, पण इथलं घर बंद करवत नाही. डॉक्टर म्हणतात की सरावाने थोडं परत येतं, काहींना येत नाही. पुलावर उभा राहतो तेव्हा गोंदिया असं लिहिलेली पाटी समोर असते. ती गोंदियाची आहे हे मला माहीत आहे म्हणूनच फक्त कळतं.

तुझा दुर्गेश वाचून राहिला, गुंजन वाचून राहिली. मी नुसताच राहिलो. रविवारी दुसऱ्या कोणाला तरी बसव. तू पत्रात काय लिहिलं आहेस ते मला कळलेलं नाही, पण दोन पत्रांत तू काहीतरी विचारलं असणार आणि मी उत्तर दिलेलं नाही, एवढं समजतं. रागावली असलीस तर ते बरोबरच आहे.

मायेला अंतर देऊ नये.

तुझा,
योगराज


केशोरी,
दि. १८ ऑगस्ट २०२५

चि. योगराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. पिशवीत टाकते आणि सोबत आणते. तुझ्यासमोर बसून मीच वाचून दाखवीन. शुक्रवारी पोळा आहे, चैतरामचे बैल दारात येतात, त्यांना खाऊ घातल्याशिवाय निघता यायचं नाही. शनिवारच्या बसने निघते. गुडघ्यांना विचारलेलं नाही.

तुझं पत्र हातात पडलं तशी पाळीवर गेले आणि तुला फोन लावला. तू विचारलंस की, जेवलीस काय, मी हो म्हणाले. मी विचारलं की औषध घेतलंस का, तू हो म्हणालास. मग मी फोन ठेवला. रोवणीच्या बायांना ऐकायला काहीच मिळालं नाही. घरी येऊन तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं आहे असं मी तुला लिहिलं होतं. ते तू वाचू शकला नाहीस ही देवाची कृपा.

रविवारचं ठरलं आहे. गटावर मी एवढंच कळवलं की ही कादंबरी कोणी डोळ्यांनी वाचायची नाही. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचं, आणि ऐकणाऱ्यांतला एक जरी मागे पडला तरी तेच पान पुन्हा. दुर्गेशने विचारलं की, मॅडम, असं काऊन? मी म्हटलं, नियम बाबांचा आहे. तुझ्याबद्दल कोणाला काही बोललेले नाही. गुंजनला तू स्वतः सांगायचं, मी शेजारी बसेन. पहिली चौदा पानं मी वाचते. माझा दम पाचव्या पानापर्यंतही पुरायचा नाही.

आता जे लिहिते ते ऐक, म्हणजे ऐकू नकोस. तुझं पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? वाईट नाही वाटलं. बरं वाटलं. तुला माझा कंटाळा आलेला नव्हता, तुझी फक्त नस बंद झाली होती, आणि मी पाळीवर उभी राहून सुटल्यासारखा श्वास घेतला. रडू नंतर आलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, संध्याकाळी पातळं पिशवीत भरताना मी गुणगुणत होते. आता कोणाला तरी मी लागते. मला कादंबरी नको होती रे, रविवार हवा होता. सगळं गाव मला मॅडम म्हणतं, बाई म्हणतं, ताई म्हणणारा तू एकटा. तुझं वाचणं परत यावं म्हणून मी रोज देवळात हात जोडते, आणि जोडलेले असतानाच मनात येतं की लवकर नको. अशी बहीण आहे तुझी. इथपर्यंत वाचत आले की मी खोकल्याचं निमित्त करीन, तुला पाणी आणायला पाठवीन आणि हा सगळा परिच्छेद सोडून खालच्या ओळीवर जाईन. तुला कळणार नाही.

तर शनिवारी येते आहे. प्रफुलला सांग की दूध जास्त लागेल, आणि त्याच्याशी हिंदीत वाद घालायला मीही आहे. येताना घरचे तांदूळ आणते, तुझ्याकडचा तांदूळ मिलमध्ये इतका पॉलिश होतो की त्याला चव राहत नाही. मोठा चष्मा आणते आहे, वाचायला मीच बसणार.

लोभ आहेच, तो दोन्ही बाजूंनी राहो.

तुझी,
पुष्पांजलीताई