सूरच्या यादीतल्या एकतीस ओळी

बैरूत, गुरुवार, ७ मार्च २०१९

लाडक्या मावशीस,

सलाम. गुडघे काय म्हणतायत? तिकडे सूरला फार वारा सुटलाय म्हणे, लिंबं गळली असतील. इथे सगळे मजेत. म्हणजे मी सोडून.

तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. म्हणून कागद घेतला.

शहाऐंशी साली यादवीत नाक्यावरून उचलून नेलेल्या आपल्या वजदीसाठी तू आणि काकांनी आमच्या प्रयोगशाळेत रक्त दिलंत, त्याला दोन वर्षं झाली. ते सापडलेल्या हाडांशी ताडायचं असतं. कोणाचं ताडायचं, हे माझा पर्ल भाषेत लिहिलेला प्रोग्राम यादी वाचून ठरवतो. बाकी गावांच्या याद्या आमच्यासारख्या लिनक्सवर बनतात, सूरची तेवढी विंडोजवर. तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारी एक खूण जास्त असते, 'ओळीच्या सुरुवातीला परत जा' असं सांगणारी. मी ओळीचं शेपूट कापत होते, पण एकच खूण कापत होते. दुसरी नमुन्याच्या नंबराला चिकटून राहायची. नंबर ओळखीचा वाटला नाही की प्रोग्राम मुकाट्याने पुढच्या ओळीवर. तसं मीच लिहिलं होतं.

सोमवारी सहज एक नंबर कंसात छापून पाहिला, तर शेवटचा कंस उडी मारून ओळीच्या सुरुवातीला! सूरच्या सगळ्या ओळी छापल्या, सगळ्यांचं तेच.

शेजारच्या टेबलावरची जोसलिन म्हणाली, "अगं, सूरवाल्यांशी तुझं काय वाकडं होतं? दोन वर्षांत एकाचाही निकाल नाही, आणि तुला खटकलंही नाही?"

नाही गं खटकलं. एकतीस घरं. एकाचंही रक्त कधी ताडलंच गेलं नव्हतं.

काका दर शुक्रवारी विचारायचे, "काय गं, बोलला का तुझा डबा?" आणि मी अतिशहाणी म्हणायचे, "जुळलं नाही, काका." जुळवून कोणी पाहिलं होतं? गेल्या रमझानात ते गेले, त्याच्या आदल्या दिवशीही मी हेच म्हणाले.

एक ओळ बदलली, दोन्ही खुणा कापल्या, यादी पुन्हा चालवली. तीस घरांचं काही नाही.

मावशी, वजदी सापडला. डॉक्टरांनी दोनदा पडताळून सही केलीय.

काका असतानाच कळलं असतं.

ऑफिसचा फोन सोमवारी येईल. परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र टॅक्सीवाल्या हसनच्या हाती देतेय. उद्या मी येते. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मी पायरीवर बसेन. तू चार शिव्या घालशील, मारशीलही. पण काकांची माफी मागायला कुठे जाऊ, तेवढं मात्र सांग.

तुझ्या लेकाला दोन वर्षं अडवून ठेवणारी,
रनीम