पुलापलीकडचं जेवण

गडचिरोली
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

ती. आशाबाईंना दुर्गाचा नमस्कार.

इकडे मी आणि दिव्यानी दोघी मजेत आहोत. भाऊजींचा गुडघा कसा आहे? रिटायर होऊनही सकाळी पेपर मिलच्या फाटकापर्यंत चालत जातात का अजून? जाऊ द्या त्यांना, फक्त कानाला मफलर बांधा म्हणावं. इकडे थंडी बरी पडली आहे. धान निघालं, लग्नं जवळ आली, त्यामुळे दुकानात ब्लाउजांचा ढीग पडला आहे आणि मान वर करायला वेळ नाही. दिव्यानीची सहामाही झाली. गणितात ती तुमच्यावर गेली आहे, म्हणजे हिशेबात कोणाला सोडत नाही.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. पण फोनवर मी नुसतं "बाई" म्हटलं की तुमचं सुरू होतं, आणि मागून तुमच्या भावाचं खाकरणं ऐकू येतं. कागद मधे बोलत नाही, म्हणून कागद घेतला. तुमचा भाऊ आठ दिवसांपासून तुमच्याकडे बल्लारपूरला जाऊन बसला आहे, तेव्हा हे पत्र तो वाचेलच. वाचू द्या. नाही वाचलं तर तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा.

तुमची पहिली तक्रार, मी दारूच्या हॉलमध्ये पोरीला घेऊन जेवत बसले. खरं आहे. बसले. मटण मागवलं, भात मागवला, वर कांदा-लिंबू दोनदा मागवलं. रस्सा असा होता की नाकातून पाणी आलं. इतकी वर्षं त्या हॉटेलात जाऊन मला ठाऊकच नव्हतं की तिथे मटण इतकं चांगलं मिळतं. आमच्या वाट्याला पडद्याआड मटर पनीर आणि गार झालेल्या रोट्या यायच्या.

तुम्हीच सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या, "आमचा श्रावण बायकोले दर रविवारी हॉटेलात जेवाले नेते." आमच्या गल्लीतल्या बायकाही तेच म्हणायच्या. मीही चांगली साडी नेसून गाडीवर मागे बसायचे, दिव्यानी मधे. मला वाटायचं, नशीब काढलं पोरीनं माझ्यासारख्या शिवणवालीच्या पोटी येऊन. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. वैनगंगेचा पूल ओलांडला की तुमचा जिल्हा, तिथे सगळं खुलं. तिथे पोचलो की तुमचा भाऊ आम्हाला बाजूच्या दारानं फॅमिलीच्या खोलीत बसवायचा, पडदा ओढायचा, पनीर सांगायचा आणि "आलोच" म्हणून हॉलमध्ये हेमराज आणि बाकीच्या दोस्तांत जाऊन बसायचा. दिव्यानी तिथे पुस्तक वाचायची. मी पडद्यावरची फुलं पाहायचे. त्या आलोचमध्ये आमचं जेवण गार व्हायचं, आइस्क्रीम पाणी व्हायचं, पण तो काही यायचा नाही.

याला तुम्ही म्हणाल, पुरुष माणूस आहे, आठवडाभर ऑफिसात खपतो. हेही तुम्ही फोनवर म्हणून झालं आहे.

बाई, आम्हाला तो जेवायला नेत नव्हता. बायको आणि पोर मागे बसली की नाक्यावर गाडी कोणी थांबवत नाही, म्हणून नेत होता. एकट्या माणसाचे खिसे, डिक्की, सगळं बघतात. फॅमिली दिसली की हातानंच "चला, चला" करतात. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि कितीतरी घरच्या बायका अशा रविवारी नटून पूल ओलांडतात. परत येताना जेवणाच्या पार्सलखाली त्याची आठवड्याची सोय असायची. पिशवी माझ्या मांडीवर. तुमच्याकडे बंदी होती तेव्हा घुग्घुसकडून शेजारच्या जिल्ह्यात वणीला जेवायला जायचे तुम्ही लोक. तुमच्या मांडीवर काय असायचं, ते मी विचारत नाही. तुम्हाला आठवत असेल तर आठवू द्या.

दिवाळीच्या आधी एका रविवारी नाक्यावर बाईमाणूस पोलीस होती. तिनं माझ्या पिशवीला हात घातला. वरचा भाताचा डबा उचलला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा परत ठेवला. का सोडलं, तिचं तिला ठाऊक. पण घरी आल्यावर मी तुमच्या भावाला सांगितलं, यापुढे माझ्या पिशवीत काही येणार नाही. तो म्हणाला, "बरं, राह्यलं." एवढंच. भांडला नाही, आवाज चढवला नाही. मी चार दिवस हवेत होते. सुलतानाला, माझ्या दुकानाशेजारी बांगड्या विकते ती, तिलाही सांगितलं की माणूस ऐकतो गं, आपण सांगत नाही म्हणून.

आता जे लिहिते ते फोनवर मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगू दिलं नाही, आणि खरं म्हणजे माझ्याही तोंडून निघत नव्हतं.

या महिन्याच्या एक तारखेला, रविवारी, आम्ही असेच पडद्याआड बसलो होतो. दुपारची वेळ, आत कोंदट, दिव्यानीच्या कपाळावर घाम आणि अंगात जॅकेट. मी म्हटलं, काढ ते. ती नाही म्हणाली. मला वाटलं ताप आहे, म्हणून हात लावायला गेले तर ती मागे सरकली. मी चेन ओढली. आत, बनियनला शिवून घेतलेल्या खिशात, बाटली होती. बाई, तो खिसा माझ्याच मशीनवर शिवलेला होता. शाळेच्या शिबिराला पैसे ठेवायला पाहिजे म्हणून तिनं माझ्याकडून शिवून घेतला होता.

"आई, ओरडू नको," ती म्हणाली. "हात धुवाले गेली ना, तवा बाबा देते. मले कोणी चेक नाई करत."

"कधीपासून?"

"तू नाई म्हटलं तवापासून. तुले त्रास नको म्हणून, बाबा म्हणे."

हे तिनं दळण आणून दिल्याचं सांगावं तसं सांगितलं. बारा वर्षांची आहे ती. तुमच्या मांडीवर वाढली आहे, उन्हाळाभर तुमच्याकडे राहते, कपाटातली दहाची नोट उचलायची तर विचारून उचलते. आणि पोलिसासमोरून जाताना चेहरा कसा ठेवायचा, हे तिच्या बापानं तिला शिकवलं.

मग मी उठले. पडदा बाजूला केला, हॉलमध्ये गेले आणि बाटली त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"इथी काऊन आली? आत जाऊन बस," तुमचा भाऊ म्हणाला.

मी म्हटलं, "तुमची वस्तू आहे. तुमच्या अंगावर न्या. माझ्या पोरीच्या नाई."

हेमराज म्हणाला, "वहिनी, घरची गोष्ट घरी पाहा ना." मी त्याला विचारलं, तुमचीही पोरगी सहावीत आहे, तिच्या जॅकेटात काय असतं ते एकदा पाहाल का? तो ताटात पाहायला लागला. तेवढ्यात मॅनेजर अयूबभाई धावत आले. भला माणूस आहे, हात जोडून म्हणाले, "भाभी, फॅमिली तिकडं आहे."

मी म्हटलं, "अयूबभाई, फॅमिलीतला एक माणूस इथी बसला आहे. आता बाकीचेही इथीच बसतील. काय गरम आहे ते सांगा."

दिव्यानीला हाक मारली. ती आली, जॅकेट काढून खुर्चीला अडकवलं आणि माझ्यासमोर बसली. तुमचा भाऊ ताट तसंच टाकून निघून गेला. आम्ही बसने घरी आलो. एवढंच घडलं. यात कोणाची इज्जत गेली ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर ती आदल्या कितीतरी रविवारी गेली होती, फक्त पडदा होता म्हणून दिसली नाही.

तुमची दुसरी तक्रार, परवाच्या रविवारी मी पुन्हा तिथेच दिसले. तेही खरं. सुलतानाला घेऊन गेले. ती म्हणाली, एवढं मटणाचं कौतुक करून राह्यली, तर मले खाऊ घाल. अयूबभाईंनी आम्ही न सांगता हॉलमध्ये खिडकीजवळचं टेबल पुसून दिलं. दोन-चार माणसं वळून पाहत होती. सुलताना त्यांना म्हणाली, "दादा, तुमचं थंडं होऊन राह्यलं." पाहणं बंद झालं.

आता तुमचं बोलावणं. येत्या रविवारी बल्लारपूरला यायचं, सगळ्यांसमोर त्याच्या पाया पडायचं, तुम्ही मटण कराल, जेवायचं आणि विषय संपवायचा. मी येणार नाही. तुमच्या हातचं मटण मला आवडतं, पण पाया पडून खाल्लेलं मला पचणार नाही.

घर त्याचंही आहे. दाराला मी कुलूप लावलेलं नाही, येऊ द्या. पण आधी त्यानं दिव्यानीसमोर बसून, तुमच्या देखत, स्वतःच्या तोंडानं म्हणावं की माझं चुकलं, तुझ्या हाती हे द्यायला नको होतं. माझी माफी नको. तोवर ती त्याच्या गाडीवर बसणार नाही. तुम्ही म्हणाल, अशानं संसार मोडतो. मोडू द्या. पोरीच्या बनियनच्या खिशावर तोललेला संसार मला टिकवायचा नाही. मशीन माझी आहे, हात माझे आहेत, आम्ही दोघी उपाशी राहणार नाही.

तुम्ही याल तर रविवारी दुपारी पुलापलीकडे या. भाऊजींनाही आणा, गुडघ्याला गाडीत त्रास होणार नाही. हॉलमध्येच बसू.

हे लिहीत असताना दिव्यानी शेजारी अभ्यास करत बसली होती. तिला विचारलं, आत्याला काही लिहायचं आहे का? तिनं बराच वेळ पेन्सिल चावली. मग मलाच विचारलं, "आई, आता आपण जाऊ ना, तर निस्तं जेवालेच जाऊ ना?"

मी हो म्हटलं आहे, बाई. ते मी कोणासाठीही मोडणार नाही.

दिव्यानीची आई,
दुर्गा